घंटाफूल आणि खापरकडू



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो पगार, बोनस आणि ठेकेदार ह्यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. तशी ती गैर नाही. आयुष्याची तीस वर्षे आम्ही त्याच विषयांत घालविली आहेत. परंतु आज आम्ही एका फुलझाडाच्या निगेवर बोलणार आहोत, आणि ज्यांना पगार-बोनस ऐकावयाचा असेल त्यांनीही उठून जाऊ नये. तोही ओघात येईल.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. रांजणगाव, सणसवाडी, चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामाला जाणारी तरुण मंडळी ह्या केंदूर-पाबळ भागात घरोघर आहेत. बारा-बारा तासांची पाळी करून आलेल्या पोराच्या दारात चार कुंड्या असतात, ही गोष्ट आम्ही नेहमी कौतुकाने पाहतो. बंगल्यात माळी ठेवलेला असतो. कामगाराच्या दारात तो स्वतःच माळी. ह्यातला कोणी हिवाळ्यात पुण्याच्या रोपवाटिकेतून निळ्या घंटांचे एक सुरेख झुडूप विकत आणतो. माघात ते फुलते, चैत्रात माना टाकते आणि वैशाखात वाळून जाते. मग तो आम्हाला विचारतो, "भाऊ, पाणी रोज घातले, खतही घातले. मग मेले कसे?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आजचे व्याख्यान आहे. आमचे शाळेचे शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि फाटकावर. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या पंडितांनी आमची भाषा गोड मानून घ्यावी.

कामगाराने फुलांच्या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणाऱ्यांना एक जुनी हकीकत सांगतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील लँकेशायरचे विणकर ऑरिक्युला नावाचे फूल वाढवीत. हे आल्प्स पर्वतातले झाड. त्याचे प्रदर्शन भरे, आणि पहिल्या नंबराला तांब्याची किटली बक्षीस मिळे. स्कॉटलंडातील पेझ्ली गावचे शालींचे विणकर पिंक नावाच्या फुलाच्या नक्षीदार जाती तयार करीत. पाकळीच्या कडेला जणू जरीचा काठ. हे लोक श्रीमंत नव्हते. पण माग घरात होता, वेळ आपल्या हातात होता. ऊन चढले की मागावरून उठून कुंडी सावलीत सरकविता येत असे. पुढे वाफेचे माग आले, भोंगा आला, गिरणीचा धूर आला, आणि विणकराच्या अंगणातली ती फुलेही कमी झाली. फूल वाढविण्यास पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, आणि कामगाराचा वेळ हाच आमच्या साऱ्या लढ्यांचा विषय आहे. माळी समाजात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. त्या रविवारी कोणी झोप काढली असेल, कोणी कीर्तन ऐकले असेल आणि कोणी तुळशीला आळे केले असेल. ते ज्याच्या त्याच्या मर्जीने झाले, हे महत्त्वाचे.

आता त्या निळ्या घंटेकडे येऊ. तिचे शास्त्रीय नाव कँपान्युला. जुन्या लॅटिन भाषेत कँपाना म्हणजे घंटा. कँपान्युला म्हणजे घंटी. तिच्या चारशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कित्येक आल्प्स, कार्पेथियन, कॉकेशस ह्या युरोपकडील उंच पर्वतांत खडकांच्या फटींमध्ये राहतात. झाड वीतभर, पण मूळ फटीत खोलवर गेलेले. वर ऊन असो वा वारा, मूळ गारव्यात असते. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने एवढाच तिचा संसार. तेवढ्यात पाने, फुले, बी सर्व उरकावयाचे. मग बर्फ पडते आणि झाड त्याच्याखाली महिनोन्‌महिने निजते. वरून पाहणाराला तिथे काहीएक दिसत नाही. परंतु ते जिवंत असते, आणि पुढच्या वर्षी त्याच फटीतून पुन्हा वर येते. अशा झाडाला बहुवर्षायू म्हणतात.

तिची निगा कशी ठेवावयाची, हे युरोपातल्या हौशी लोकांनी फार बारकाईने शोधून काढले आहे. पहिला नियम, माती भुकेली हवी. खडे, जाड वाळू आणि थोडी पालापाचोळ्याची माती. शेणखत भरपूर घातले तर झाड लुसलुशीत होते, फुले कमी देते आणि लवकर कुजते. दुसरा नियम, झाडाच्या गळ्याशी, म्हणजे खोड जमिनीत शिरते तेथे, बारीक खडीचा थर द्यावयाचा, म्हणजे पाणी थांबत नाही. तिसरा, बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीवर नुसते भुरभुरावयाचे, गाडावयाचे नाही, कारण त्याला उजेड लागतो. चौथा, दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा उकलून त्याचे भाग वेगळे लावावयाचे. पाचवा, गोगलगाईंवर रात्री कंदील घेऊन लक्ष ठेवावयाचे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम आम्ही शेवटी ठेवला आहे. ह्या झाडाला थंडी मारीत नाही. निजलेल्या मुळाला लागलेले पाणी मारते. आल्प्सवर बर्फाखाली मूळ कोरडे असते. इंग्लंडात हिवाळाभर पाऊस झिमझिमतो. म्हणून तेथील जाणते लोक अशा निजलेल्या झाडावर काचेचे तावदान आडवे बसवितात. वारा चारी बाजूंनी खेळतो, पाऊस मात्र पडत नाही. गंमत पाहा. वर पान नाही, फूल नाही, काही नाही. आणि त्या मोकळ्या जागेवर माणूस छप्पर धरून बसला आहे! निगा म्हणजे काय ते ह्या तावदानात आहे. फुललेल्या झाडाची काळजी कोणीही घेईल. काही दिसत नसताना जो राखण करतो, त्याचेच झाड पुढल्या वर्षी फुलते.

मग आपल्या कामगार मित्राचे झाड का मेले? त्याची काहीही कसूर नव्हती. घंटेला रात्रीचा गारवा लागतो, आणि आपल्याकडे चैत्र लागला की दुपारी पारा चाळिशीला टेकतो. उकाड्यात रोज पाणी घातले म्हणजे मूळ शिजते, आणि पाणी तोडले तर पान करपते. तेव्हा केंदूरला ही घंटा हिवाळ्याचे चार महिने पाहुणी म्हणून राहील, घरधनीण म्हणून नाही. जे झाड तिच्या देशात कायम आहे, ते आपल्याकडे हंगामी ठरते. कायम आणि हंगामी हे शब्द कारखान्याच्या फाटकावरचे आहेत. ते आम्ही मुद्दाम वापरले, त्यांकडे पुन्हा येऊ.

आता प्रश्न असा, की आपल्या डोंगरांत असे काही नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. घंटेच्या सख्ख्या कुळातला देवनळ सह्याद्रीत उभा आहे. महाबळेश्वरकडे पुरुषभर उंचीचा, पांढऱ्या फुलांचा तुरा घेतलेला तो पुष्कळांनी पाहिला असेल. पण आम्हाला आज त्याच्याविषयी बोलावयाचे नाही. कूळ निराळे, परंतु जगण्याची रीत थेट घंटेसारखी, अशी एक मंडळी आपल्याकडे आहे. तिला कोणी कंदीलपुष्प म्हणतात, कोणी खर्चुडी म्हणतात. शास्त्रातले नाव सेरोपेजिया. हे नाव लिनियसने ठेवले, आणि त्याचा अर्थ होतो मेणाचे कारंजे. भारतात हिच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या कित्येक जगात अन्यत्र कोठेही नाहीत, आणि त्यांचे मोठे माहेरघर आपला सह्याद्री आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार आपण ऐकून आहात. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीचा तो जांभ्या दगडाचा सडा, आणि त्यावर काही इंच माती. पश्चिम घाटाला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीत कासही आले. त्या इंच-दोन इंच मातीतही कंदीलपुष्पाची एक जात राहते.

घंटेचा हिवाळा तो हिचा उन्हाळा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वेल वर येतो, फुलतो, बी धरतो. पाऊस सरला की वरचे सर्व वाळून जाते. मग आठ महिने खडकाच्या सांदीत, जमिनीखाली, एक कंद तेवढा निजून असतो. तिकडे बर्फाचे पांघरूण, इकडे तापलेल्या मुरमाचे. हिशेब एकच.

हिच्या फुलाची करामत सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. फूल म्हणजे एक नळी. खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून झालेला पिंजरा. म्हणून कंदील. वासाने बारीक माशी आत शिरते. नळीच्या आत केस असतात, त्यांची टोके खाली वळलेली. माशी खाली उतरते, वर येऊ शकत नाही. ती आत धडपडते, आणि त्या धडपडीत परागांची पुडी तिच्या तोंडाला चिकटते. पुढे ते केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुखरूप बाहेर पडून दुसऱ्या फुलाकडे जाते. गेल्या शतकात कामगार चळवळीत घेराव गाजला. आमची खात्री आहे, की त्याचा पहिला मान ह्या फुलाकडे जातो. काम होईपर्यंत कोंडी, काम झाले की मुक्तता, आणि अंगाला ओरखडा नाही!

ह्यातली एक जात खास आपल्या कोरड्या मुलखाची आहे. केंदूर पडले पर्जन्यछायेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस, आणि आपल्याकडे ढग पुढे निघून जातात. इथल्या पाण्याचे दुखणे आम्ही तुम्हाला सांगावयास नको. कासचे फूल इथे आणून त्याचे हाल करू नयेत. परंतु खापरकडू, जिला काही भागांत पाताळतुंबडी म्हणतात, ती शेराच्या कुंपणात, निवडुंगाच्या जाळीत, काटेरी झुडपांत राहणारी. मूळ जाळीच्या सावलीत, शेंडा उन्हात. रॉक्सबर्ग ह्या शास्त्रज्ञाने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात तिची नोंद केली. पण गुराखी पोरांना ती त्यापूर्वीही ठाऊक असणार. तिचा चपटा गोल कंद ती खणून खातात, आणि टंचाईच्या वर्षांत तो शिजवून पोटाला आधारही झाला आहे. फूल लहानच, हिरवट नळी, वर जांभळट पिंजरा. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पण रुईच्या कुळातली ही वेल आपल्या मातीत कायम आहे, आणि तिची निगा कशी राखावी, हे आता सांगतो.

कंद डोंगरातून खणून आणू नये, हे पहिले. एक कंद उपटला म्हणजे एक जुने बिऱ्हाड मोडले. बी धरावे. पावसाळा ओसरताना वेलीवर शिंगांसारख्या बारीक शेंगा जोडीने येतात. त्या उकलल्या की रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे बी उडून जाते. म्हणून पिकत आलेल्या शेंगेवर विरळ कापडाची पुरचुंडी बांधावी. दोन शेंगांचे बी घ्यावे, बाकीचे वाऱ्याला द्यावे. बी कागदात, कोरड्या जागी ठेवावे आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी पेरावे.

कुंडी मातीची, आठ इंची, बुडाला भोक असलेली. तळाला खापऱ्या. मग एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचे किंवा दगडाचे बारीक तुकडे. मूठभर कुजलेला पाला चालेल. ताजे शेण नको. बियांवर माती अगदी पातळ पसरावी. पहिल्या वर्षी कंद फुटाण्याएवढा झाला तरी समाधान मानावे. फुलाची घाई करू नये. पुढच्या वर्षांत कंद लावताना तो खोल गाडू नये, वर इंचभर माती पुरे. शेजारी एक काडी रोवावी, वेल आपण होऊन चढते. कुंडी अशी ठेवावी, की बुंध्यावर सावली आणि शेंड्याला सकाळचे ऊन मिळेल.

पाणी पावसाळ्यात, तेही वरची माती सुकल्यावर. आश्विनापासून कमी करीत न्यावे. पाने पिवळी पडली की बंद. अगदी बंद! इथेच प्रेमळ माणसे झाड मारतात. वाळलेली वेल पाहून त्यांचे मन कळवळते आणि तांब्याभर पाणी जाते. निजलेला कंद पाण्याने कुजतो. कुंडी पडवीत, कोरड्यात, उंदीर-घुशींपासून दूर ठेवावी आणि तिच्यावर नाव व तारीख लिहून चिठ्ठी बांधावी. किडींत रुईवरचा पिवळा मावा हिच्यावर येतो. साबणाच्या पाण्याने धुवावा. पट्टेदार अळी दिसली तर ती तांबूस फुलपाखराची असते. एखादे पान तिला खाऊ द्यावे. शेळी मात्र दूर ठेवावी. ती पान, वेल, चिठ्ठी सर्व खाते.

त्या चिठ्ठीचे महत्त्व पटावे म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या संघटनेच्या कचेरीच्या गच्चीवर खापरकडूची एक कुंडी होती. पौषात झाडलोट करणाऱ्या एका मित्राने ती पाहिली. आत काही नाही असे समजून त्याने माती मागच्या उकिरड्यावर ओतली आणि कुंडीत मोगरा लावला. त्याचा राग येण्याचे कारण नव्हते. त्याने पाहिले ते खरेच होते. पुढे मृगाच्या दोन सरी झाल्या, आणि उकिरड्याच्या कडेला, खडीच्या ढिगातून, एक तांबूस कोंब वर आला. सारी कचेरी पाहावयास लोटली. उकिरड्याचा उतार होता, खडी होती, पाणी थांबत नव्हते. म्हणून कंद वाचला. परंतु प्रत्येक कंदाला असा उकिरडा मिळेलच असे नाही.

मित्रहो, आता कायम आणि हंगामी ह्या शब्दांकडे येऊ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग नोकरीचा हिशेब करताना वर्षात २४० दिवसांचे काम धरले होते. त्या आकड्याने कामगाराला आधार दिला, आणि काही मालकांना युक्तीही सुचविली. दिवस भरत आले, की पोराला 'ब्रेक' द्यावयाचा. काही दिवस घरी बसवावयाचे आणि मग नव्या नावाच्या ठेकेदाराकडून पुन्हा त्याच यंत्रावर उभे करावयाचे. दरवर्षी उपटावयाचे आणि दरवर्षी लावावयाचे. दहा वर्षे एकाच यंत्रावर काम केलेला माणूस कागदावर दरवर्षी नवा! माणूस कायम आहे, काम कायम आहे. फक्त मधल्या दिवसांत तो दिसत नाही, एवढ्यावरून त्याला हंगामी ठरविले जाते. आम्ही सांगतो, ह्या मधल्या दिवसांत त्याच्या घरी जो जातो, त्याची चिठ्ठी-तारीख जो जपून ठेवतो, तो खरा संघटक. सभेला हजार माणसे जमली असताना भाषण करणे म्हणजे फुललेल्या झाडाला पाणी घालणे होय. संप फसल्यावर, फाटक बंद झाल्यावर, कोणी दिसत नसताना जो वहीतली नावे राखतो, तो तावदान धरून उभा असतो.

ही तुलना आम्ही लांबविणार नाही, कारण झाड हे झाड आहे आणि त्याचे संकट त्याचे स्वतःचे आहे. ते संकट आज, ह्या वैशाखात आहे. आपण येथे बसलो आहोत, आणि रानातल्या जाळ्यांखाली जे कंद उरले असतील, ते निजलेले आहेत. वर काही नाही. ह्याच महिन्यात आपण बांध पेटवितो. ह्याच महिन्यात माळावर मुरूम उपसणारी यंत्रे फिरतात, रस्त्याकडेची जुनी कुंपणे साफ होतात आणि शेराच्या जागी तारा येतात. कोणालाही वाईट वाटत नाही, कारण कोणाला काही दिसतच नाही. श्रावणात हेच कुंपण फुललेले असते, तर कदाचित एखाद्याने यंत्र थांबविले असते.

ह्यावर काम करणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. आर. यादव ह्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगरोडोंगर हिंडून ह्या कंदीलपुष्पांचा शोध घेतला आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांची रोपे वाढविली. २०२३ साली विशाळगडावर सापडलेल्या नव्या जातीला शिवरायांचे नाव देण्यात आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गडावर महाराज पोचले, त्या गडावर आजही अनोळखी फूल सापडते. मग आपल्या माळावर काय आहे, हे आपण निदान वाकून पाहावयास नको काय? आणि पाहण्यासाठी पदवी लागत नाही. शेजारच्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करून शिकावे ह्याच विचाराने. ती शाळा आपल्या शिवेवर आहे.

तेव्हा आमची मागणीपत्रिका सादर करतो. कलमे तीनच आहेत. एक, ह्या उन्हाळ्यात बांध पेटविण्यापूर्वी जुन्या शेर-निवडुंगाच्या जाळीभोवती चार हात जागा सोडावी. दोन, श्रावणात शाळेच्या मुलांना घेऊन आपापली कुंपणे पाहावी. वेल दिसेल तेथे एक दगड रंगवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वैशाखात ती जागा ओळखू येईल. तीन, ज्यांच्या दारी कुंड्या आहेत, त्यांनी एक कुंडी खापरकडूला द्यावी, आणि ती आठ महिने रिकामी दिसली तरी कोणाला ओतू देऊ नये.

संत कान्हुराजांची समाधी ह्या गावाने शतकानुशतके सांभाळली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची राखण कशी करावी, हे केंदूरकरांना शिकविण्याची पात्रता आमच्यात नाही. त्या राखणीत एका कंदाची भर घालावी, एवढेच मागणे आहे. मृग आता फार दूर नाही.